विमलच्या घरात पिसू नव्हती

विमल गेली तेव्हा भावकीतल्या बायका माझ्याकडं बसायला आल्या. तिच्या अर्ध्या घराला कुलूप होतं, म्हणून तिच्या दुःखाला माझीच पडवी. मी पहाटे उठून सगळं सारवलं होतं, कोपरे पोतेऱ्यानं पुसले होते. बायका बसल्या, डोळ्याला पदर लावला, आणि थोड्या वेळानं एकीनं सुरुवात केली.

"काय तिची जमीन गं! भाकरी टाकून खावी."

दुसरी म्हणाली, "पिसू म्हनून दिसायची न्हाई तिच्या घरात. आमच्या लेकरास्नी आमी तिच्याकडंच निजवायचो लगीनसराईत."

हे सगळं माझ्या ओल्या, ताज्या सारवलेल्या जमिनीवर बसून. माझ्या जमिनीकडं एकीनंही पाहिलं नाही. मी चहा टाकायला आत गेले आणि तिथंच जरा वेळ उभी राहिले. गेलेल्या माणसाचा हेवा संपतो असं मला वाटलं होतं. तो संपत नाही.

विमल माझी धाकटी जाऊ. बेल्ह्याची. तिचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. लांबून आलेले बेपारी बैलांसकट त्यांच्या अंगणात मुक्काम टाकायचे. त्यामुळं गोचीड, पिसू, गोमाशी यांच्याशी तिची ओळख पाळण्यापासूनची. आमचं गाव खोडदच्या शिवेला. अंगणात उभं राहिलं की आभाळाकडं तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या छत्र्या दिसतात. विमल आली तेव्हा त्या नुकत्या उभ्या राहत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडं बघून ती म्हणाली होती, "एवढाल्या छत्र्या, आन खाली सावली कुनाला?" सासूबाई त्यावर हसल्या. माझ्या लग्नाला तेव्हा चारपाच वर्षं झाली होती. माझ्या बोलण्यावर सासूबाई हसल्याचं मला आठवत नाही.

लग्नानंतरच्या पूजेची गोष्ट तर गावभर झाली. पाहुण्यांनी पडवी भरलेली. नवी नवरी म्हणून विमल पाटावर, शेजारी तिचा नवरा, माझे धाकटे दीर दत्तू भावजी, आणि पुढं सासूबाई हात जोडून बसलेल्या. गुरुजी सांगत होते, सगळे ऐकत होते. मधेच विमल पुटपुटली, "आत्या, हालू नका."

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांना वाटलं, पाठीवर विंचू चढला. विमलनं समोरच्या पाण्यात बोट बुडवलं, सासूबाईंच्या मानेवर अलगद दाबलं, आणि बोटाला चिकटलेली पिसू दोन नखांत धरून चिरडली. कट्ट असा आवाज झाला. गुरुजी थांबले. विमल उठली, बाहेर जाऊन हात धुतले, परत येऊन पाटावर बसली आणि नवऱ्याच्या हाताला हात लावून म्हणाली, "हां, चालू द्या."

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. भर पूजेत, पाहुण्यांसमोर, आमच्या घरात पिसवा आहेत हे हिनं दवंडी दिल्यासारखं सांगितलं. पण सासूबाई खदाखदा हसायला लागल्या. "माजी पाठ बघनारी आली गं बया!" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांची पाठ विमलची झाली. न्हाऊ घालायचं तिनं, तेल चोळायचं तिनं. मी इतकी वर्षं त्यांचे पाय चेपले होते, त्याचं कुणी नावही काढलं नाही.

विमलमध्ये खोट नव्हती असं नाही. ती मी नीट पाहून ठेवली होती. तिच्या आमटीत मीठ जास्त असायचं. कांद्याची रोपं लावायला बसवली तर तिची ओळ नागासारखी वळवळत जायची, आणि मजुरणी मागून हसायच्या. दुपारी जेवली की भिंतीला टेकून घोरायची. आणि बढाई! प्रत्येक गोष्ट बेल्ह्याला जास्त चांगली. बेल्ह्याचं पाणी, बेल्ह्याच्या मिरच्या. एकदा तर तिनं सांगितलं की बेल्ह्याच्या पिसवासुद्धा आमच्याकडच्यांपेक्षा उंच उडतात. तिच्या बोलण्याचा कुणी राग धरायचं नाही, हीच तर माझी तक्रार होती. मी तेच बोलले असते तर मला उद्धट म्हटलं असतं.

तिला एक सवय होती. कुठंही बसायच्या आधी ती पदराच्या टोकानं जागा झटकायची आणि तळहात जमिनीवर ठेवून जरा वेळ थांबायची. दुसऱ्याच्या घरीसुद्धा. मला ते अपमानाचं वाटायचं, दुसऱ्यांना कौतुकाचं. आणि पिसू असो, कोंबडी असो, दाव्यातून सुटलेलं वासरू असो, तिचं एकच बोलणं: "पळून पळून जाईल कुटं?" दत्तू भावजी भोसरीला कंपनीत होते, सुट्टीला यायचे. कधी रुसून बाहेर गेले की त्यांच्याबद्दलही ती हेच म्हणायची. आणि खरंच, ते थोड्या वेळानं गुमान घरी यायचे.

पुढं वाटणी झाली. भांडण काही नव्हतं, दोन चुली झाल्या एवढंच. घराच्या मधोमध भिंत घातली. शेळ्या मी मागून घेतल्या, म्हणून शेळ्यांची पडवी माझ्या बाजूला आली. सासूबाईंना विचारलं, तुम्ही कुणाकडं? त्यांनी आपलं अंथरूण उचललं आणि विमलच्या दारातून आत गेल्या. कुत्राही तिकडंच गेला. त्याला ती विहिरीवर नेऊन साबण लावून आंघोळ घालायची, करंजाचं तेल चोळायची आणि उवांच्या फणीनं विंचरायची. गावात लोक हसायचे. पण तो कुत्रा पायरीवर निजायचा आणि कधी कान खाजवताना दिसला नाही.

तिच्या घरात कोपऱ्याकोपऱ्यात चुना असायचा. वाकळा दर आठ-पंधरा दिवसांनी उन्हात, दगडावर, दोन्ही बाजूंनी. सारवल्यावर जमीन खडखडीत वाळल्याशिवाय ती कुणाला आत पाऊल टाकू द्यायची नाही. "वल्या जागंत अन् धुळीत पिसू व्हती, कोरड्यात तिचा जीव रमत न्हाई," म्हणायची. हे मलाही माहीत होतं. पण मी सकाळी रानात जायची ती दिवेलागणीला यायची. दत्तू भावजींचा पगार येत होता, म्हणून तिला घरात राहणं परवडत होतं. हे तेव्हा मला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटायचं. ऐकणारं कुणी नव्हतं.

वैशू, माझी लेक, पहिलीत होती त्या उन्हाळ्यात पिसवांनी कहर केला. कांदा काढणीला आम्ही सगळे रानातल्या छपरात राहायला गेलो होतो. शेळ्या बरोबर नेल्या. घर बंद. पोटमाळ्यावर एका भटक्या मांजरीनं पिल्लं घातली आणि काही दिवसांनी ती घेऊन निघूनही गेली. आम्हाला पत्ता नाही. काढणी झाली, आम्ही परत आलो. मी दार उघडलं, आत चार पावलं टाकली, आणि पायावर गरम वाळू उडाल्यासारखं झालं. खाली पाहिलं तर पोटऱ्या काळ्या. उपाशी पिसवा माणसाच्या चाहुलीची वाटच बघत होत्या.

झाडलं, सारवलं, लिंबाच्या पाल्याचा धूर केला. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मोठ्यांनी कसंतरी सोसलं. पण वैशूचं अंग चाव्यांच्या लाल गांधींनी भरलं. ती रात्रंदिवस खाजवायची, खाजवलेलं चिघळायचं, आणि मग ताप. नारायणगावच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आणि म्हणाले, घर साफ करा. मला ते बोलणं लागलं.

आमच्या ह्यांना राग आला. ते फवारणीचा पंप पाठीला लावून, कांद्यावर मारायचं औषध कालवून दारात आले. "एकदाच काय ते खलास करतो," म्हणाले. मी बाजूला झाले. तेवढ्यात विमल भिंतीपलीकडून आली आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, ते शेतातलं औषध हाये."

"म्हनूनच मारतोय. सरक."

"हितं लेकरू निजतं. जमिनीवर लोळतं, बोटं तोंडात घालतं. पिसवा मरतील न मरतील, पोरीला काय झालं तर?"

थोरल्या दिरासमोर तिचा पदर डोक्यावरून खाली सरकला नव्हता, पण ती हलली नाही. हे खाली मान घालून पंप रिकामा करायला रानात गेले. माझं ऐकून ते कधी पंप खाली ठेवणारे नव्हते. मग ती माझ्याकडं वळली. "ताई, पोरीला माझ्याकडं निजू द्या. अंग भरून येईस्तवर."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? तापलेली पोर माझ्या कडेवर होती. मीच ती तिच्या कडेवर दिली.

वैशूचं अंग भरून आलं. खपल्या पडल्या, गाल वर आले. भिंत पातळ होती. पलीकडून मला तिचं हसणं ऐकू यायचं. माझ्याकडं ती इतकं हसत नसे. विमल तिला काय सांगायची कुणास ठाऊक, बेल्ह्याच्या उंच उडणाऱ्या पिसवांच्या गोष्टी असतील. मी भिंतीला कान लावायची आणि मग स्वतःचाच राग येऊन भांडी आपटायची. सकाळी वैशू वेण्या घालून बाहेर यायची. विमल वेण्या घट्ट, वर घालायची, लाल रिबिनीची फुलं काढून. एकदा मी म्हटलं, आज मी घालते. वैशू बसली. झाल्यावर आरशात बघितलं आणि म्हणाली, "काकीसारख्या न्हाई झाल्या." आणि सोडवून घ्यायला पलीकडं पळाली.

पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली, वैशू तिकडंच. माझ्या घरात पिसवा होत्याच, मग तिला परत कशी आणू? विमलला लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले. आता ती वैशूचा डबा भरायची, तिला शाळेपर्यंत सोडायची, आणि रस्त्यात बायका तिला "वैशूची आई" म्हणून हाक मारायला लागल्या. ती चूक सुधारायची. मला ते दुसऱ्यांकडून कळायचं. माझ्या मनाला वाटायचं, उशिरा सुधारत असेल.

एक दिवस सासूबाईंनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. दत्तू भावजी सुट्टीला आले होते, सगळे ओट्यावर चहाला बसलो होतो.

"सुमन, तुला पुढं पोरं व्हतील. ही पोर विमलच्या पदरात घाल. तिकडं रमलीच हाये. दत्तू तिला भोसरीच्या शाळंत घालील."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत होते. दत्तू भावजी बायकोकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसत होतं ते बघवत नव्हतं, इतकी आशा होती. विमल उठली, कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. मी ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. मला खात्री होती की ती आता वाट बघणार. तिला काहीच करायचं नव्हतं. माझ्या घरात पिसवा राहिल्या की झालं.

सकाळी मी भाकरी बांधून रानात निघाले तर ती दारात उभी. कासोटा घातलेला. दोन्ही पोटऱ्यांना वडिलांच्या जुन्या धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या.

"आज रानात जाऊ नका, ताई."

"का गं?"

"घर काढायचं."

ती आत गेली आणि प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात, सावकाश चालून आली. पांढऱ्या पट्ट्यांवर काळे ठिपके चढले. जिथं जास्त चढले तिथं ती खडूनं रेघ मारायची. ओल्या साबणाची वडी हातात होती, ती पट्टीवर दाबायची, पिसवा साबणाला चिकटायच्या. मग पोटमाळ्यावर चढली आणि वरून ओरडली, "हितं हाये सगळ्याचं मूळ!" मांजरीनं पिल्लं घातली होती ती पोती तिनं खाली टाकली. आम्ही ती अंगणात जाळली.

घरातली सुईसुद्धा बाहेर काढली. गुऱ्हाळाची गूळ आटवायची जुनी काहील मागून आणून तिच्यात वाकळा उकळल्या. पावसानं उघडीप दिली होती, ऊन चांगलं होतं. शेळ्यांना लांब, बांधाकडं छप्पर घालायला तिनं ह्यांना लावलं, आणि ह्यांनी मुकाट घातलं. पडवीची जमीन आम्ही दोघींनी टिकावानं उकरली, वरची माती पाटीत भरून उकिरड्याच्या पलीकडं नेऊन टाकली, नवी मुरूम-माती घालून चोपली. भिंतीच्या फटीत चुना भरला. दिवेलागणीला तिनं परातीत साबणाचं पाणी घातलं आणि मधे वाटीवर रॉकेलची चिमणी ठेवली. उजेडाला उड्या मारणाऱ्या पिसवा पाण्यात पडल्या. मी बघत बसले.

"झालं का?" मी विचारलं.

"न्हाई. ह्या मोठ्या मेल्या. अंडी ऱ्हात्यात, त्यातली निगतील. त्या अंडी घालायच्या आत पुन्यांदा झाडायचं. मग पुन्यांदा. कट्टाळा करायचा न्हाई."

तिनं कंटाळा केला नाही. मी रानात गेले तरी ती यायची, झाडायची, कोपरे बघायची. सबंध श्रावण. मला एकदा राहवलं नाही. मी विचारलं, "माझं घर साफ करायची तुला एवढी घाई का?"

ती फटीत चुना भरत होती. हात थांबला नाही. "तुमाला कळत न्हाई का, ताई?" एवढंच म्हणाली.

मला कळत होतं. म्हणूनच विचारलं होतं.

शेवटी एक दिवस तिनं पांढऱ्या पट्ट्या बांधल्या, घरभर फिरली, आणि पट्ट्या पांढऱ्याच राहिल्या. मग पडवीत धोतर अंथरून त्यावर बराच वेळ बसून राहिली. काहीच उडी मारून आलं नाही. तिनं वैशूला हाक मारली आणि म्हणाली, "लोळ हितं." वैशू लोळली, खिदळली.

"चावलं का काय?"

"न्हाई!"

"मग आता आईजवळ निजायचं."

वैशूला आधी कळलं नाही. कळल्यावर तिनं विमलच्या कमरेला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. विमलनं तिची बोटं एकेक करून सोडवली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "अगं, ऱ्हाऊ दे की तुझ्याकडं. मी बोललेय दत्तूला."

विमल म्हणाली, "आत्या, पोरीला आई हाये."

आणि भिंतीपलीकडं निघून गेली. त्या दिवशी पलीकडून काहीच आवाज आला नाही. भांड्याचासुद्धा नाही.

लोक म्हणतात, तेव्हा माझं मन भरून आलं असेल. आलंच असेल कुठंतरी. पण जास्त करून मला राग आला होता. माझीच पोर हिनं मला दिली, आणि द्यायला तिच्याजवळ होती म्हणून दिली. मी काय करायचं होतं? घेतली. वैशू कित्येक दिवस माझ्याजवळ भिंतीकडं तोंड करून निजायची.

सासूबाई गेल्यावर दत्तू भावजी विमलला भोसरीला घेऊन गेले. तिचं अर्धं घर बंद झालं. सणाला येत, चार दिवस राहत. ती आली की आधी कुलूप उघडून झाडलोट, मग माझ्या पडवीत येऊन पदरानं जागा झटकून बसायची. तेव्हाही झटकायचीच. तिला घेऊन गेलं ते दुखणं पोटाचं होतं, तिनं कुणाला सांगितलं नाही. वैशूच्या लग्नात ती वाळलेली दिसली तर बायका म्हणाल्या, शहराचं पाणी मानवत नाही.

लग्न आमच्याच अंगणात झालं, मोठा मांडव घालून. विमल सकाळपासून कामात होती. हळदीला नव्हती, मामाच्या मागं नव्हती, फोटोत नव्हती. जिथं वैशू तिथं ती नाही, असं दिवसभर चाललं होतं. ते फक्त माझ्या ध्यानात आलं, कारण तिच्यावर नजर ठेवायची मला जन्माची सवय.

पाठवणीची वेळ झाली. गाडी दारात लागली. वैशू माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. मी या घटकेची किती वर्षं वाट बघितली होती. सगळं गाव बघत होतं आणि माझी लेक माझ्या गळ्यात होती. पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर टिकेना. ती रडत होती आणि मान उंच करून माझ्या मागं बघत होती. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला.

"काकी कुटाय?" तिनं माझ्या कानात विचारलं.

"असंल हितंच," मी म्हटलं.

मला ठाऊक होतं कुठं आहे. मांडवाच्या कापडाला फट होती, तिच्यातून मागची पाण्याची टाकी दिसत होती. विमल तिथं आमच्याकडं पाठ करून बसली होती. आचाऱ्यांची पातेली घासायला बायका ठेवल्या होत्या, तरी ती एक पातेलं घेऊन राखेनं घासत होती. त्याच जागी हात फिरत होता. स्वच्छ झालेलं पातेलं ती घासत होती.

व्याही म्हणाले, "चला, उशीर होतोय."

मी वैशूला आणखी जरा घट्ट धरलं. मग सोडलं.

"टाकीमागं हाये," मी म्हणाले. "जा."

वैशू शालू दोन्ही हातांनी उचलून धावली. लोकांना कळेना नवरी कुठं निघाली. फटीतून मला दिसलं, विमलनं वळून पाहिलं आणि घाईघाईनं हात पदराला पुसले. राखेचे हात शालूला लागू नयेत म्हणून तिनं ते दोन्ही बाजूला, हवेत लांब धरले. वैशू तशीच तिच्या अंगावर पडली. थोडा वेळ ते हात हवेतच होते. मग तिला राहवलं नाही.

पुढं माणसं आली आणि मला दिसेनासं झालं. वैशू गाडीत बसायला आली तेव्हा तिच्या पाठीवर, जरीवर, राखेचे दोन पंजे उमटले होते. करवली झटकायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.